घरबसल्या कमाई : एका स्वप्नाचा इतिहास

गेल्या वर्षी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळाचे ताट पुढे आले, आणि भाच्याने हळूच विषय काढला. तो उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. आयटीआय झालेला, हाताला वळण असलेला मुलगा. म्हणाला, "मामा, नोकरी सोडायचा विचार आहे. यूट्यूबवर चॅनेल काढतो. घरबसल्या लोक महिन्याला लाख लाख मिळवूलेत." त्यासाठी एक शिकवणी लावायची होती, तिची फी होती तीस हजार रुपये. ती मागायलाच मला खास आग्रहाने बोलावले होते, हे चिवडा संपेपर्यंत लक्षात आले.

मी त्याला लगेच नाही म्हटले नाही. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. कोणी म्हणाले की हे अगदी नवे आहे, की त्याच्या आधीचे काय ते शोधत बसायचे. म्हटले, महिनाभर थांब, मी जरा वाचतो. तो हसला. "मामा, याला कसला इतिहास? कालपरवाची गोष्ट ही." पण इतिहास होता, आणि वाचता वाचता तो थेट निपाणीपर्यंत आणि किर्लोस्करांच्या नाटकापर्यंत येऊन पोहोचला.

प्रथम कालपरवाची गोष्ट पाहू. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर पहिल्या जाहिरातपट्ट्या झळकल्या. त्यांतली एक एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. तोवर वर्तमानपत्रात जशी जागा विकत तशीच ही विक्री. १९९६ साली अॅमेझॉनने एक नवा प्रकार सुरू केला : तुमच्या पानावर आमच्या पुस्तकाचा दुवा द्या, त्यावरून कोणी खरेदी केली तर तुम्हाला दलाली. १९९८ साली 'गोटू' नावाच्या कंपनीने जाहिरातीच्या जागेचा लिलाव मांडला. जो जास्त बोली लावील तो वर, आणि पैसे फक्त कोणी बोट दाबले तर. गूगलने २००० साली स्वतःच्या जाहिरातींचा धंदा सुरू केला, लवकरच ती लिलावाची पद्धत उचलली, आणि २००३ साली 'अॅडसेन्स' काढून ती जगातल्या कोणाच्याही पानाला जोडून दिली. 'घरबसल्या कमाई' हे शब्द सामान्य माणसाच्या तोंडी आले ते या अॅडसेन्समुळे. तुम्ही लिहा, जाहिराती आम्ही आणतो, मिळकतीतला मोठा वाटा तुमचा. हा वाटा ६८ टक्के असल्याचे गूगलने २०१० साली जाहीर केले. यूट्यूबने २००७ साली चित्रफिती करणाऱ्यांनाही असाच वाटा द्यायला सुरुवात केली. तो ५५ टक्के ठरला.

वाटा पाहून कोणालाही वाटेल की सावकार मोठा उदार आहे. आमच्याकडे ऊस घालणाऱ्याला किंवा तंबाखू पिकवणाऱ्याला शेवटच्या किमतीतला इतका हिस्सा कधी मिळाला आहे? पण वाटा किती टक्के यापेक्षा कशाचा वाटा, हा प्रश्न मोठा. आणि तिथेच गोम आहे.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले. बेळगावात ते आम्हाला दिसले ते सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या खोपट्यांत, तासावर पैसे मोजून. पुढे २००९ च्या सुमारास मीही एक अनुदिनी चालवत होतो. सीमाभागातले शिलालेख, जुनी देवळे, गावांची नावे असे विषय. दिवसाला पंधरावीस वाचक येत, त्यांतले निम्मे माझेच माजी विद्यार्थी. कमाईचा प्रश्नच नव्हता, कारण त्या काळी मराठी मजकुराला या मार्गाने जाहिरात मिळणे दुरापास्तच होते. अॅडसेन्समध्ये हिंदीचा समावेश झाला तोच मुळी डिसेंबर २०१४ मध्ये, आणि मराठीची पाळी त्याच्याही नंतर आली. म्हणजे इंग्रजीत लिहिणारा अकरा वर्षे आधी रांगेत उभा होता. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने मात्र इंग्रजीतून मोबाइलची माहिती देणारे पान काढले होते. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का ते पाहण्यासाठी एक गुप्त क्रमांक टपालाने येतो. त्याचे ते पाकीट आले तेव्हा पोस्टमनलाही पेढा मिळाला. प्रत्यक्ष पैसे हाती पडायला मात्र शंभर डॉलर जमावे लागतात. दहापासून शंभरापर्यंतचा त्याचा प्रवास शेवटपर्यंत पुरा झाला नाही. पुढे तो पुण्याला नोकरीला लागला.

आता मूळ प्रश्न. इतक्या लोकांना वाटा मिळतो, मग पोट फारच थोड्यांचे का भरते?

या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटच्या शंभर वर्षे आधी एका इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने जवळजवळ देऊन ठेवले होते. आल्फ्रेड मार्शल यांचा 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हा ग्रंथ १८९० साली प्रथम निघाला. त्यात ते मिसेस बिलिंग्टन नावाच्या गायिकेचा दाखला देतात. १८०१ च्या हंगामात लंडनच्या रंगभूमीवर गाऊन तिने दहा हजार पौंडांच्या पुढे कमाई केली होती, आणि मार्शल म्हणतात की मनुष्याचा आवाज जोवर ठरावीक लोकांपर्यंतच पोहोचतो, तोवर कोणी गायक याहून फारसे जास्त मिळवील असे दिसत नाही. ही मर्यादा गायकाच्या मिळकतीला जशी कुंपण घालत होती, तशीच ती दुसऱ्या फळीतल्या गायकाला जगवतही होती. पुण्याचा नामवंत नट एका रात्री एकाच नाट्यगृहात उभा राहू शकत असे. तो पुण्यात असेल तर त्या रात्री बेळगावच्या, हुबळीच्या, मिरजेच्या रसिकाला जो कोणी गावात असेल त्याचेच गाणे ऐकावे लागे, आणि तो त्यासाठी पैसे मोजी.

इथे आपल्या घरची गोष्ट आठवते. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. त्यांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, आणि पुढची पन्नास वर्षे संगीत नाटक मंडळ्या मराठी मुलुखात आणि त्याच्या कडेकडेने फिरत राहिल्या. मोठ्या मंडळ्या चारदोन. बाकीच्या मधल्या आणि लहान. त्यांत नट होते, तबलजी होते, पेटीवाले होते, पडदे रंगवणारे होते, आचारी होते. सगळेच सुखात होते असे नव्हे. पगार थकत, मंडळी फुटत. पण दुय्यम गळ्याच्या माणसालाही एक गाव आणि एक रात्र मिळत असे.

मग १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरले. आता एकच गळा हजार दिवाणखान्यांत एकाच वेळी गाऊ लागला. १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला, १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि पुढच्या थोड्याच वर्षांत बहुतेक नाटक मंडळ्यांचे तंबू उतरले. रसिक तेच होते, त्यांच्या खिशातले पैसेही तेवढेच होते. पण चांगले आणि सर्वांत चांगले यांत निवड करण्याची सोय झाल्यावर चार आण्यांत सर्वांत चांगलेच घेणे शहाणपणाचे होते. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९८१ साली हे सूत्ररूपाने मांडले. एकच माल फारशा जादा खर्चाशिवाय कितीही लोकांना पुरवता येऊ लागला, की गुणांतला थोडासा फरक मिळकतीत प्रचंड फरक होऊन दिसतो. पहिला आणि दहावा यांच्या गळ्यात उन्नीस-बीसचा फरक असेल. पण उत्पन्नात एक आणि शंभराचा.

इंटरनेटने केले ते एवढेच, की तबकडीची आणि चित्रपटगृहाचीही मर्यादा काढून टाकली. त्यावेळी निदान तबकडी छापायला भांडवल लागे, म्हणून गाणाऱ्यांची गर्दी आपोआप आवरलेली असे. आता दारावर पहारेकरी नाही. माझा भाचा हीच गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगत होता : "मामा, एक पैसा लागत नाही सुरू करायला." अरे, पण एक पैसा लागत नाही म्हणूनच तर सगळे सुरू करतात!

आणि गुण असला की यश येते, असेही नाही. २००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांचा एक प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चौदा हजारांहून जास्त लोकांना अनोळखी मंडळींची अठ्ठेचाळीस गाणी ऐकवली. काहींना इतरांनी काय उतरवून घेतले ते दिसत नव्हते. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले होते आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटाची आवड दिसे. जिथे इतरांची आवड दिसत होती तिथे वरच्या गाण्याने फारच जास्त खाल्ले आणि खालचे उपाशी राहिले. पण मौज अशी, की वर कोणते गाणे गेले ते गटागटाला वेगळे होते. अगदी उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही आणि अगदी टाकाऊ सहसा वर आले नाही; मधल्या सगळ्यांचे नशीब मात्र पहिल्या काही ऐकणाऱ्यांच्या हाती. ज्या दहाबारा चॅनेलांचे दाखले शिकवणीवाले देतात, ते या लॉटरीत नंबर लागलेले लोक आहेत. न लागलेल्यांची तिकिटे रस्त्यावर पडलेली असतात. ती कोण दाखवणार?

ती किती असावीत याचा थोडा अंदाज खुद्द यूट्यूबनेच दिला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केले की एक हजार वर्गणीदार आणि वर्षात चार हजार तास पाहणी एवढे झाल्याशिवाय जाहिरातीचा वाटा मिळणार नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीने सांगितले, या नियमाचा फटका बसणाऱ्यांपैकी ९९ टक्के लोकांची आधल्या वर्षाची कमाई शंभर डॉलरच्या आत होती. त्याच साली जर्मनीतल्या ओफेनबुर्ग इथल्या मथियास बेर्टल या प्राध्यापकांचा अभ्यास आला. २०१६ च्या आकड्यांवरून त्यांना आढळले की सर्वांत वरच्या तीन टक्के चॅनेलांकडे सुमारे ९० टक्के पाहणी जाते. हे तीन टक्केसुद्धा श्रीमंत नव्हेत. त्या पायरीवर नुकते पाऊल ठेवलेल्याची जाहिरातीची कमाई अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या आसपासच भरत होती.

कोणी म्हणेल, चित्रफिती हा नशिबाचा खेळ झाला. कष्टाचे काम घ्यावे. तेही आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये अॅमेझॉनने 'मेकॅनिकल टर्क' नावाचा बाजार उघडला. नाव मोठे बोलके आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र दाखवले, तुर्की पोशाखातला पुतळा; आत खरा माणूस लपून बसलेला असे. या बाजारातही तसेच : छायाचित्राला नाव द्या, पावतीवरचे आकडे उतरवा, आवाज लिहून काढा, असली बारीक कामे नगावर मिळतात. यंत्र करते असे वाटणारे काम आत बसून माणूस करतो. अमेरिकेखालोखाल या कामावर माणसे होती ती भारतातली. २०१८ साली कोटारो हारा आणि सहकाऱ्यांनी अडतीस लाख कामांची नोंद तपासली, तेव्हा मधल्या कामगाराला तासाला सुमारे दोन डॉलर पडत असल्याचे दिसले. काम शोधण्यात गेलेला वेळ आणि नाकारलेले काम यांचे पैसे मिळत नसल्याने हा दर इतका खाली आला. काम देणाऱ्याला पसंत पडले नाही तर तो ते नाकारू शकतो, पैसे न देता.

हे वाचले आणि मी थबकलो. कारण हा करार मला तोंडपाठ होता. निपाणीला माझी पहिली पाच वर्षे नोकरी झाली. शाळा सुटल्यावर घरी जाताना दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या दिसत. पान, तंबाखू, दोरा कारखानदाराचा. जागा, दिवा आणि पाठीचे दुखणे बाईचे. दर हजारावर. संध्याकाळी मुकादमासमोर जुड्या मांडायच्या. त्यातल्या तो खराब म्हणून बाजूला काढील त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्या परतही नाहीत. माझ्या वर्गातल्या मुली गृहपाठ का करून येत नाहीत, हे मला तिथे पहिल्याच महिन्यात कळले. या घरकामगारांना कायद्याने कामगार म्हणून ओळख मिळाली ती १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने, आणि तो अमलात यावा म्हणून बायकांना पुढे अनेक वर्षे मोर्चे काढावे लागले. मोर्चा काढता आला याचे एक कारण साधे होते : मुकादम कोण आणि कारखाना कुठे हे त्यांना माहीत होते, आणि शेजारच्या दारात दुसरी बाई बसलेली होती. संगणकावर नगाने काम करणाऱ्याचा शेजारी मनिलात किंवा ढाक्यात असतो; दोघे एकमेकांना दिसतात ते फक्त एकाच कामावर उतरती बोली लावताना.

घरमालकाच्या लहरीची गोष्ट तर वेगळीच. शेतात राबणाऱ्या कुळाचे नाव निदान उताऱ्यावर लागू शकते. इथे उतारा नाही. 'डिमांड मीडिया' या अमेरिकन कंपनीने पंधरा-पंधरा डॉलरला लेख लिहून घेऊन गूगलच्या शोधात वर येण्याचा मोठा कारखाना घातला होता. जानेवारी २०११ मध्ये ती शेअरबाजारात आली तेव्हा तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीहून जास्त ठरली. पुढच्याच महिन्यात गूगलने शोधाची रीत बदलली, असल्या लेखांची पाने खाली गेली, आणि लिहिणाऱ्या हजारो हातांचे काम आटले. आपल्याकडे २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅप बंद केली. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेची होती, त्यात मी शिरत नाही. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरापोरींनी दोनतीन वर्षे राबून तिथे लाखांनी चाहते जमवले होते, त्यांची दुकाने एका रात्रीत मालासकट गेली. आणि मे २०२४ पासून गूगल प्रश्नाचे उत्तर स्वतःच तयार करून वर देऊ लागले. ते उत्तर ज्या पानांवरून उचलले त्या पानावर जायची वाचकाला गरजच उरली नाही, की जाहिरात कोण पाहणार?

आपल्या मराठी माणसाचे गणित आणखी थोडे अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी भाषिक ८ कोटी ३० लाखांवर भरले. आकडा लहान नाही. पण जाहिरातदार डोकी मोजत नाही, त्या डोक्यांमागचा खिसा मोजतो, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी तो जी बोली लावतो ती बेळगावच्या प्रेक्षकासाठी लावत नाही. शिवाय आपल्या घरात पहा. बहिणीच्याच घरी आजी मराठी कीर्तन ऐकते, सून कन्नड मालिका पाहते, मुले हिंदी गाणी, आणि क्रिकेटचे समालोचन इंग्रजी. दुभाषी घर ही आपली श्रीमंती. पण संध्याकाळचे तास तेवढेच. ज्या जगात माहिती मुबलक होते तिथे लक्ष दुर्मीळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच सांगितले होते. सीमाभागात ते लक्ष चार भाषांत वाटले जाते.

मग या व्यवहारात खात्रीने कोण कमावतो? जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले तेव्हा सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने आधी फावडी आणि घमेली भरून ठेवली, आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून सोन्याची बाटली नाचवत ओरडत फिरला. तीस हजारांची शिकवणी मला त्याच जातीची वाटली. त्या शिकवणीवाल्याचे चॅनेल मी पाहिले. त्यात शिकवणीखेरीज दुसरा विषयच नव्हता.

दुसरे कमावणारे म्हणजे ज्यांचे दुकान आधीपासून आहे ते. आमच्या शहापुरातली एक शिंपीण मापे आणि नमुने व्हॉट्सअॅपवर घेते. तिची गिऱ्हाइके आता गोव्यापर्यंत आहेत. पण ती इंटरनेटवर कमावत नाही, शिलाईवर कमावते. इंटरनेट तिच्या दारावरची पाटी आहे.

महिन्याने मी भाच्याला हे सगळे सांगितले. तीस हजार दिले नाहीत. तो रागावला. म्हणाला, "तुमच्या वेळी पर्याय नव्हता म्हणून तुम्ही नोकरी केलात. मी साहेबाच्या शिव्या खात किती वर्षे काढू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. पगार सोळा हजार, दिवसाचे दहा तास, आणि मशीनवर गेलेल्या बोटाची भरपाई मागायला गेले तर कामच जाते, असे त्याचे मित्र सांगतात. स्वप्न खोटे असेल. ज्यापासून तो पळू पाहतो ते खोटे नाही. ते मी इतिहासाच्या पुस्तकात शोधायला गेलो नव्हतो, हीही माझीच चूक.

त्याने नोकरी सोडली नाही. पण शिकवणी न लावताच चॅनेल काढले. रविवारी लेथची कामे दाखवतो, अर्धे मराठीत, अर्धे कन्नडात, मध्येच दोन्हीची खिचडी. वर्गणीदार पाचशेच्या आत आहेत, म्हणजे मिळकत शून्य. गेल्या मे महिन्यात तो मला टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर घेऊन गेला, १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली ती, आणि म्हणाला, "बोला मामा, शाळेत सांगत होता तसं." मी पंधरा मिनिटे बोललो. गांधीजी ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हे, विहीर का खोदावी लागली, पाणी कुठवर नेले, सगळे. त्याने त्याचे सहा मिनिटांत बसवले. आतापर्यंत दोनशे बारा लोकांनी पाहिले आहे. त्यात तीसेक वेळा पाहणारा मीच आहे.